‘नोंद करा’ डावीकडे की उजवीकडे?

काकूंचा फोन आला तेव्हा मी कोथरूडला मंडईत मेथीची जुडी निवडत होते.

“अगं, काल दिवसभर बसून बावीस पुस्तकं चढवली. आज त्यातलं एकही दिसत नाही. तुझ्या नव्या मशीननं गिळली बघ सगळी.”

काकू म्हणजे माझ्या माहेरच्या गावातल्या वाचनालयाच्या देवघेवीच्या टेबलावर बसतात त्या. तासगावकडचं छोटं वाचनालय आहे, ‘क’ वर्गाचं, नऊ हजारांच्या आसपास पुस्तकं. आणि ‘नवं मशीन’ नवं नव्हतंच. जुनाच पीसी, फक्त त्यावरचं विंडोज एक्सपी काढून मी उबुंटू घातलं होतं, लिनक्सचा एक फुकट प्रकार. हे २०१४ सालचं. एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा पाठिंबा थांबवला, आणि त्याआधीच त्या मशीनला पेनड्राइव्हमधून इतके व्हायरस लागले होते की नवीन विंडोज विकत घेण्यापेक्षा हे बरं, असं समितीनं ठरवलं. (समितीनं म्हणजे अण्णांनी. माझे वडील तेव्हा कार्यवाह होते.)

पुस्तकांच्या नोंदींचा प्रोग्रॅम तोच होता, मीच लिहिलेला. विंडोजवर तीन वर्षं बिनतक्रार चालला होता. उबुंटूवर नेताना मी कोडमध्ये जेमतेम दहाबारा ओळी बदलल्या असतील. त्यामुळे फोनवर मी जरा तोऱ्यातच म्हणाले, “काकू, तुम्ही नीट ‘नोंद करा’ दाबलंत ना?”

“तीन वर्षं दाबतेय. मला शिकवू नकोस.”

शनिवारी गावी गेले आणि त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून बसले. काकूंनी चष्मा लावला, दाखल नोंदवही उघडली, दाखल क्रमांक, शीर्षक, लेखक, प्रकाशक, किंमत असं सगळं सावकाश टाइप केलं, माऊस खाली नेला आणि डावीकडचं बटण दाबलं. खिडकी बंद. पुढची नोंद. त्या बटणावर त्यांनी नजरही टाकली नव्हती. टाकली असती तर त्यावर ‘राहू द्या’ लिहिलेलं दिसलं असतं.

विंडोजमध्ये रिवाज असा की होकाराचं बटण आधी, नकाराचं नंतर. जीटीके (उबुंटूवर खिडक्या-बटणं पुरवणारं साधन) आणि मॅक, दोन्हीकडे उलटं: नकार आधी, होकार शेवटी, कोपऱ्यात. मी ज्या लायब्ररीवर, म्हणजे तयार कोडच्या संचावर, हा प्रोग्रॅम बांधला होता तिला हे रिवाज ठाऊक आहेत. मी तिला फक्त सांगितलं होतं की या खिडकीला एक होकाराचं आणि एक नकाराचं बटण दे. कुठलं कुठे ठेवायचं ते तिनं त्या-त्या मशीनची रीत बघून ठरवलं. लायब्ररीचं बरोबर होतं. काकूंचंही बरोबर होतं. चुकलं होतं माझं. दोन्हीकडे एकच प्रोग्रॅम चालतो या आनंदात काकूंच्या बोटांना तीन वर्षांची सवय आहे हे मी विसरले.

या लायब्ररीबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं, म्हणून ही प्रस्तावना. तिचं नाव डब्ल्यूएक्स-विजेट्स. आम्ही ऑफिसात नुसतं ‘डब्ल्यूएक्स’ म्हणतो. सी++ मध्ये खिडक्या, मेन्यू, बटणं, याद्या असलेले प्रोग्रॅम लिहायची ही मुक्त लायब्ररी. कोड एकदा लिहायचा आणि विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीकडे वेगवेगळा कंपाइल करायचा, म्हणजे त्या-त्या मशीनला चालेल अशा रूपात आणायचा.

अण्णांना पहिल्यांदा हे सांगितलं तेव्हा मोठी मजा झाली होती. “अण्णा, आपल्या लायब्ररीसाठी मी एक लायब्ररी वापरतेय.”

“कुठल्या गावची?”

उत्तर खरं तर होतं: एडिंबऱ्याची. १९९२ साली ज्युलियन स्मार्ट नावाचा माणूस तिथल्या विद्यापीठाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेचं काम करणाऱ्या संस्थेत होता. तो ‘हार्डी’ नावाचं आकृत्या काढायचं एक साधन लिहीत होता, आणि ते विंडोजवरही चालायला हवं होतं, एक्स विंडो ही खिडक्यांची व्यवस्था असलेल्या युनिक्स मशीनवरही. असं करून देणारी तयार साधनं तेव्हा विकत मिळायची, पण महाग. मग त्यानं स्वतःच मधला एक थर लिहिला. डब्ल्यू म्हणजे विंडोज, एक्स म्हणजे एक्स. नाव ठेवलं ‘डब्ल्यूएक्स-विंडोज’. विद्यापीठानं तो कोड खुला ठेवला, लोक येत गेले. १९९७ साली रॉबर्ट रोबलिंगनं जीटीकेसाठीचं काम सुरू केलं, म्हणून आज उबुंटूवर माझा प्रोग्रॅम चालतो. पुढे २००४ च्या फेब्रुवारीत नाव बदलावं लागलं, कारण ‘विंडोज’ हा आमचा ट्रेडमार्क आहे असं मायक्रोसॉफ्टनं कळवलं. विंडोजचं विजेट्स झालं. आद्याक्षर तेच राहिलं, त्यामुळे कोडमधली हजारो ‘डब्ल्यूएक्स’ तशीच राहू शकली.

आमच्या वाचनालयात हे सगळं आलं त्याला कारण एक बंद पडलेली कंपनी. २००० च्या आसपास वाचनालयानं पैसे मोजून एक प्रोग्रॅम घेतला होता, फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-साधनात केलेला. दहा वर्षांत कंपनी बंद झाली, करून देणारे गृहस्थ फोन उचलेनासे झाले. प्रोग्रॅम उघडायला एक किल्ली लागायची, प्रिंटरच्या पोर्टात खोचायची. ती एके दिवशी मेली. नऊ हजार पुस्तकांची यादी आत, आणि आम्ही बाहेर. अण्णा रात्री साडेनऊला फोन करून म्हणाले, “तू एवढं कंप्युटरचं शिकलीस, त्याचा गावाला काही उपयोग?” आता यावर काय बोलणार!

फॉक्सप्रोच्या माहितीच्या डीबीएफ फायली उघडल्या, त्यात काही गुप्त नव्हतं. पण मजकूर? इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, उद्गारचिन्हं, डॉलर यांची खिचडी. त्या काळच्या ८-बिट मराठी फॉन्टची करामत. तिथे अक्षर म्हणजे आकार. ‘कि’ लिहायचं तर आधी वेलांटीचा आकार, मग क, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. ‘सूर्य’चा रफार मात्र य नंतर. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सर्वमान्य अक्षर-संकेतात, उच्चाराचा क्रम: आधी क, मग वेलांटी, आधी र, मग य. म्हणजे नुसता तक्ता करून भागत नाही, प्रत्येक वेलांटी उचलून पुढच्या व्यंजनापलीकडे न्यायची, जोडाक्षर असेल तर अख्ख्या जोडाक्षरापलीकडे, आणि रफार उलटा मागे आणायचा. ‘स्थितप्रज्ञ’वर माझी एक अख्खी संध्याकाळ गेली.

मग प्रश्न आला की ही मराठी दाखवायची कशावर. खिडक्या-बटणं स्वतःच रंगवणाऱ्या काही लायब्रऱ्या मी तेव्हा चाळल्या. एकीत ‘किल्ला’ लिहिलं की वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसायची आणि ल्ल चा पाय मोडलेला दिसायचा. अक्षरं रंगवणं त्यांना जमत होतं, जुळवणं नाही. डब्ल्यूएक्स शक्यतो स्वतः काही रंगवत नाही. बटण हवं? ती विंडोजकडून विंडोजचं बटण मागून घेते, लिनक्सवर जीटीकेचं, मॅकवर मॅकचं. मजकूर त्यांच्या हवाली करते. मग देवनागरी जुळवणं ही त्या-त्या मशीनची जबाबदारी: विंडोजवर युनिस्क्राइब, उबुंटूवर पँगो. त्यांनी ते काम आधीच करून ठेवलेलं. मला जोडाक्षरासाठी एक ओळ लिहावी लागली नाही.

देश तसा वेश, एवढंच काय ते डब्ल्यूएक्सचं धोरण. प्रोग्रॅम सगळीकडे सारखा दिसावा असा तिचा आग्रह नाही. जिथे जाईल तिथल्या माणसासारखा दिसावा. चांगला पाहुणा असतो तसा.

अर्थात यजमानाचे हालही मग आपलेच. एक्सपीमध्ये मराठी आपसूक चालत नसे. कंट्रोल पॅनेलमध्ये भाषांच्या पानावर जाऊन जटिल लिप्यांच्या फायली बसवायच्या खुणेवर टिक करायची, मग ते एक्सपीची सीडी मागायचं. वाचनालयाची सीडी कुठे होती? अण्णांच्या कपाटात, १९९८ च्या वार्षिक अहवालांच्या गठ्ठ्याखाली, ओरखडे पडलेली. तीन वेळा घातल्यावर वाचली गेली.

आणि माझे स्वतःचे घोळ वेगळेच. २०११ मध्ये मी डब्ल्यूएक्सची जी २.८ आवृत्ती घेतली ती दोन तऱ्हांनी बांधता यायची, युनिकोड किंवा बिनयुनिकोड. मी घाईत दुसरी बांधली आणि पडद्यावर एकही मराठी अक्षर येईना, दोन दिवस फॉन्टला शिव्या घातल्या. शिवाय २.८ मध्ये कोडमधली प्रत्येक शब्दमालिका एका मॅक्रोत (ठरावीक खुणेच्या वेष्टनात) गुंडाळायला लागायची, सोवळ्यातल्या भांड्याला हात लावण्याआधी पदर गुंडाळावा तशी. २०१३ च्या नोव्हेंबरात ३.० आलं आणि तो प्रकार संपला. मी एका रविवारी बसून ती सगळी गुंडाळणी काढून टाकली. घर आवरल्यासारखं वाटलं.

पडद्यावरचे मराठी शब्द मी कोडमध्ये लिहिलेच नाहीत. ते वेगळ्या फाइलमध्ये, गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनाच्या रीतीनं, आणि ती फाइल भरायला पोएडिट नावाचा प्रोग्रॅम. पोएडिट स्वतः डब्ल्यूएक्सवरच बांधलेलं आहे हे मला बरंच नंतर कळलं. (ऑडॅसिटी ३, फाइलझिला, कायकॅड या प्रोग्रॅमचंही तेच. वापरणाऱ्याला पत्ता लागत नाही.) ही फाइल वेगळी असल्याचा फायदा असा की शब्द अण्णांनी ठरवले. मी ‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ लिहिलं होतं. अण्णांनी लाल पेनानं खोडून ‘नोंद करा’ आणि ‘राहू द्या’ लिहिलं. “रद्द काय रद्द? सभासदत्व रद्द झाल्यासारखं वाटतं.” एकवचन-अनेकवचनाचा नियमही त्याच फाइलमध्ये असतो, म्हणून ‘१ पुस्तक’ आणि ‘२ पुस्तकं’ बरोबर दिसतं. ‘1 पुस्तके परत’ असलं काही आमच्याकडे दिसणार नाही.

पण देश तसा वेश हे धोरण एका ठिकाणी सपशेल आपटलं. वर्णक्रम.

पहिली यादी छापली आणि काकूंनी पेन्सिलनं खुणा करून परत दिली. युनिकोडच्या तक्त्यात ळ चं घर ल च्या शेजारी आहे. आपल्या वर्णमालेत ळ ह च्या नंतर येतो. त्यामुळे ‘काळ’ वाली सगळी शीर्षकं ‘कावळा’च्या आधी जाऊन बसली होती. क्ष ची पुस्तकं क च्या पोटात, ज्ञ ची ज च्या पोटात. वाचनालयाच्या नोंदवहीत क्ष आणि ज्ञ सगळ्यात शेवटी, आणि कपाटंही त्याच क्रमानं लावलेली. मग मी तुलना करायचं काम ऑपरेटिंग सिस्टिमवर सोपवून पाहिलं. विंडोजची यादी आणि उबुंटूची यादी शेजारी ठेवल्या, तर त्या एकमेकींशीही जुळेनात आणि कपाटांशीही. बटणांची रीत देशागणिक बदलली तर चालतं, वर्णमाला बदलून कसं चालेल? कपाट क्रमांक सात आपल्या जागेवरून हलणार नव्हतं. शेवटी चाळीसेक ओळींची माझी स्वतःची तुलना लिहिली, वर्णमाला हातानं मांडून. त्या चाळीस ओळी आजतागायत सगळीकडे तशाच्या तशा आहेत.

दुसरा गोंधळ ‘ऱ्य’चा. कुणीतरी ‘किनाऱ्यावर’ असं शोधलं तर अकरांपैकी चारच पुस्तकं सापडायची. बाकीची सात यादीत डोळ्यांना दिसत होती, पण शोधला सापडत नव्हती. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, मग य. दिसायला दोन्ही हुबेहूब. माझ्या जुन्या फॉन्टवरून केलेल्या रूपांतरात एक तऱ्हा आली होती आणि काकूंच्या कीबोर्डवरून दुसरी. आता नोंद साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा मी सगळे ‘ऱ्य’ एकाच साच्यात घालून घेते. यात डब्ल्यूएक्सचा काही दोष नाही, ती बिचारी दिलेली अक्षरं इकडून तिकडे नेते. पण हे कुठल्याही परदेशी मार्गदर्शिकेत लिहिलेलं सापडणार नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवतेय. मराठीत शोध लिहिणाऱ्या कुणाचे तरी दोन दिवस वाचतील.

पुस्तकांची माहिती एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एकाच फाइलमध्ये आहे. ती फाइल कुठल्याही मशीनवर जशीच्या तशी उघडते, म्हणून तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सेटिंगनं मात्र एकदा फसवलं. डब्ल्यूएक्सला ‘सेटिंग जपून ठेव’ म्हटलं की विंडोजवर ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या कोठारात, ठेवते, लिनक्सवर घरच्या फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाइलमध्ये. पुन्हा तेच, जिथली रीत तिथे. मी अख्खं फोल्डर पेनड्राइव्हवर उचलून आणलं आणि दंडाचा दर, वर्गणी, वाचनालयाचं नाव सगळं मागे राहिलं. आता साधी फाइल, प्रोग्रॅमच्या शेजारीच.

मॅकची गोष्ट वेगळी. अण्णांनंतर जे सर कार्यवाह झाले, त्यांच्या मुलानं त्यांना बंगळुरूहून मॅकबुक पाठवलं आणि सरांना घरून यादी बघायची होती. मॅकसाठी कंपाइल करायला मॅक लागतो. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसातल्या एका मैत्रिणीचा मागून आणला. पहिल्यांदा प्रोग्रॅम चालवला आणि खिडकीत मेन्यूच नाही! घाबरले, मग लक्षात आलं, मॅकवर मेन्यू पडद्याच्या माथ्यावर असतो. तो आपोआप तिथे गेला होता. ‘मदत’खाली मी ठेवलेलं ‘या प्रोग्रॅमविषयी’ आणि पहिल्या मेन्यूतलं ‘बाहेर पडा’ हेही उचलून मॅकच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवलेलं. मी त्यांना डब्ल्यूएक्सचे ठरलेले क्रमांक दिले होते, म्हणून तिला कळलं की हे कोण आहेत. हे मला फार आवडलं. स्वतः होऊन घराची रीत बघणारं कोणी असलं की बरं वाटतंच.

आता फुकटपणाबद्दल. सर विचारत होते, उद्या कुणी पैसे मागणार नाही ना? नाही. डब्ल्यूएक्सचा परवाना जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या लायब्ररी परवान्यावरच बेतलेला आहे, वर एक सवलत जोडून: या लायब्ररीवर बांधलेला तयार प्रोग्रॅम तुम्ही तुमच्या अटींवर वाटू शकता, आपला कोड उघड केलाच पाहिजे असं बंधन नाही. मी केलाय, ती गोष्ट वेगळी. मला स्वतःला फुकट असण्यापेक्षा दुसरी गोष्ट मोलाची वाटते. डब्ल्यूएक्सचा संपूर्ण कोड माझ्या डिस्कवर आहे. ती मेलेली किल्ली अण्णांनी अजून ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, पेपरवेट म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात वाचनालयाला देणगीतून नवा लॅपटॉप मिळाला. त्यावर विंडोज ११. जुना प्रोग्रॅम चालला, पण अक्षरं पुसट, ओल्या कागदावर शाई पसरावी तशी. दाट, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या, पडद्यावर जुना प्रोग्रॅम ताणून मोठा केला की असं होतं, आणि मराठीत जोडाक्षरांचा चिखलच. २०२२ च्या जुलैत आलेल्या डब्ल्यूएक्स ३.२ मध्ये या दाट पडद्यांसाठी बरंच काम झालंय. ती आवृत्ती घेतली, पुन्हा कंपाइल केलं, चारपाच ठिकाणी ठोकून बसवलेली मापं बदलली. एक्सपीवर जन्मलेला प्रोग्रॅम ११ वर स्वच्छ उभा राहिला.

बाकी, त्या बावीस नोंदींनंतर मी बटणांची जागा बदलली नव्हती. हट्टानं म्हणा हवं तर. त्याऐवजी दोन गोष्टी केल्या. भरलेला तक्ता सोडून कुणी ‘राहू द्या’ दाबलं तर आता प्रोग्रॅम विचारतो, “लिहिलेलं पुसू का?” आणि काकूंना सांगितलं की माऊस सोडा, एंटर दाबा. या खिडकीत एंटर सगळीकडे होकारच असतो. त्यांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हा माऊस. पण बोट उजवीकडे वळवलं. दहा वर्षं उजवीकडे.

आता लॅपटॉपवर विंडोज. फोन आला.

“अगं, परत इकडचं तिकडे केलंस का?”

“नाही काकू, मी हात लावलेला नाही. विंडोजवर तसंच असतं.”

“हं. तो मध्ये विचारतो ना, पुसू का म्हणून, म्हणून कळलं.” मग जरा थांबून, “आणि ते मोबाइलवर कधी आणतेस? शाळेतली पोरं विचारतात, पुस्तक आहे का ते घरूनच कळायला पाहिजे.”

अँड्रॉइडवर डब्ल्यूएक्सचा मला काही उपयोग नाही. तिथे सगळं नव्यानं मांडावं लागेल. त्या चाळीस ओळी तेवढ्या नेता येतील.